हिरव्या डबीत पप्पूची वायर

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला निदान कबाडी येतो. किस्से तिथेच पडून राहतात, आणि संध्याकाळी चहाला आम्ही जमलो की एकाखालून दुसरा निघतो. सांगायचं काम बाळूभाऊ आणि चंपत करतात. मी बोलण्यात कच्चा. आठवीत शाळा सुटली, चार माणसांत तोंड उघडायची सवय लागलीच नाही. पण हिरव्या डबीचे किस्से ते दोघं आपापल्या सोयीनं सांगतात, आणि शेवटचा तर माझाच आहे. म्हणून हे लिहून काढतो.

दुकान गोळीबार चौकाच्या मागे, बाळूभाऊंचं. त्यांनी व्हीसीआर घेतला तेव्हा नागपुरात केबल नुकती कुठे कुठे सुरू झाली होती. दुकानात कॅसेट लावायची आणि छपरांवरून वायर टाकून गल्लीत घरोघरी पिक्चर पोहोचवायचा. वायर ओढायचा चंपत. टीव्हीच्या मागे भिंतीवर जी डबी बसायची, ती मी बनवायचो. पत्र्याची, वरून हिरवा रंग. एका बाजूनं आमची वायर आत, दुसऱ्या बाजूनं टीव्हीला.

उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या पप्पूनं स्वतःची केबल काढली. आमचा पिक्चर फक्त संध्याकाळी, त्याचा दुपारीही. माणसं तिकडे सरकू लागली. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या लग्नाचं बोलणं निघालं.

गल्लीच्या तोंडाशी हेडाऊकाकांचं घर. घरात हातमाग, आणि काकांची मुलगी निर्मला. बाळूभाऊंनी माझ्यासाठी शब्द टाकला तेव्हा मी तिथेच त्यांची डबी उघडून बसलो होतो. काका माझ्यादेखतच म्हणाले, "पोरगा मॅट्रिक नाही, चालते. बोलत नाही, तेही चालते. पण धंदा टिकला पाहिजे जी. दिवाळीपर्यंत ही गल्ली तुमच्याकडे राहिली तर पोरगी देतो. नाही तर नाही."

मी असा गडबडलो की पक्कड तिथेच विसरून आलो. मुठीला लाल टेप गुंडाळलेली, माझ्या हाताला बसलेली पक्कड. मागायला जायची हिंमत झाली नाही. चंपतची वापरू लागलो.

* * *

पहिला धक्का गल्लीतल्या पौनीकर मावशींनी दिला. दुकानात येऊन मला म्हणाल्या, "काहून गा सुधाकर, तुझी डबी बिघडली का? पिक्चरात मुंग्या दिसून राहिल्या."

मी गेलो, डबी उघडली आणि पाहतच राहिलो. आमची वायर काढून बाहेर गुंडाळून ठेवलेली, आणि आमच्याच स्क्रूला पप्पूची वायर.

"मावशी, ही वायर पप्पूची आहे."

"हो ना. वायर त्याची, पण डबी तर तुमची आहे. मग दुरुस्त कोण करन?"

मी दुरुस्त करून दिली. बाळूभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी व्हीसीआर बंद केला. मग म्हणाले, "काडीमोड घेऊन गेली, अन् भांडी घासाले आपल्यालेच बोलावून राहिली."

* * *

एका शनिवारी आम्ही देवाचा पिक्चर लावला. थोड्या वेळात गल्लीतली माणसं दुकानावर. शेजारच्या घरात जाऊन बघतो तर पडद्यावर भगवंत उभे, आणि त्यांच्या पोटातून डाकू घोडे दौडवत निघालेले. भगवंतांनी आशीर्वादाला हात उचलला की गोळी सुटल्याचा आवाज.

झालं असं होतं की कोणीतरी पप्पूची वायर आमच्या डबीत घातली, पण आमची काढलीच नाही. दोन्ही एकाच स्क्रूला. त्या एका डबीतून त्याचा पिक्चर आमच्या सगळ्या घरांत शिरला आणि आमचा त्याच्या.

टीव्हीसमोर बसलेल्या म्हातारीनं मात्र हात जोडलेलेच ठेवले. म्हणाली, "कलियुग आहे बाप्पा. देवाले बी आता बंदूक ठेवा लागते."

* * *

ती डबी सापडायच्या आधीच पप्पू दुकानात आला. डोळे लाल. "बाळूभाऊ, माझा पिक्चर तुम्ही पूर्ण गल्लीले फुकट दाखवून राहिले."

बाळूभाऊ म्हणाले, "आम्ही काहून दाखवू तुझा पिक्चर?"

तेवढ्यात कोपऱ्यावरचा शिंपी दारातूनच ओरडला, "बाळूभाऊ, कालचा दुपारचा पिक्चर लाजवाब होता. दुपारी बी सुरू केलं, हे बेस केलं तुम्ही."

आम्ही दुपारी काहीच लावत नव्हतो. पप्पूनं शिंप्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. बाळूभाऊंनी पप्पूपुढे स्टूल सरकवलं.

"बस. तुझीच तारीफ होऊन राहिली."

* * *

मग आम्ही एकेक घर घेत डब्या तपासल्या. सगळ्यांत शेवटी हेडाऊकाकांची. तिथे बघायची गरजच नाही असं मला वाटत होतं. चंपतनं झाकण काढलं आणि मला पुढे ओढलं. मी वाकून पाहिलं. एका स्क्रूला दोन वायरी.

ज्यांनी गल्ली टिकवायची अट घातली, त्यांच्याच घरात पप्पू. एवढंच नाही, पप्पूची मोठी वायर काकांच्याच छतावरून आमच्या गल्लीत उतरत होती. तीही त्यांच्या परवानगीनं.

काका मागावरून उठलेसुद्धा नाहीत. "दुपारी काम करता करता बरं वाटते जी. अन् डबी तर तुमचीच आहे. म्हणजे मी तुमचाच गिऱ्हाईक."

"काका, अट तुम्हीच घातली होती," बाळूभाऊ म्हणाले.

"अट आपल्या जागी, पिक्चर आपल्या जागी."

आम्ही आमची वायर काढून घेतली. दुसरं काय करणार? निघताना मी एकदा मागे पाहिलं. आतल्या दारात निर्मला उभी होती. ती आधी बापाकडे बघत होती, मग भिंतीवरून छताकडे गेलेल्या त्या वायरीकडे.

* * *

त्यानंतर पप्पूचा पिक्चर दुपारी मध्येच बंद पडू लागला. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. पप्पू वर चढायचा, तर काकांच्या छतावर वायर तुटलेली. जोडून गेला की परत तेच. हिरोला गोळी लागली आणि पुढे तो जगला की मेला हे गल्लीत कोणालाच कळेना.

काका म्हणाले उंदीर. त्यांनी छतावर पिंजरा ठेवला आणि खरंच एक उंदीर सापडला. काका तो पिंजऱ्यासकट पप्पूकडे घेऊन गेले. "हा घे तुझा चोर."

चोर पप्पूच्या दुकानात पिंजऱ्यात बसलेला, आणि त्याच दुपारी वायर पुन्हा तुटली. चंपत म्हणाला, "चला, बिचारा निर्दोष सुटला."

* * *

मग मात्र हसू थांबलं. पप्पू तुटलेला तुकडा घेऊन काकांसोबत आमच्या दुकानात आला. तुकडा त्यानं काउंटरवर ठेवला. टोक अगदी सरळ.

"हे दात नाही, काका. हे पक्कडीचं काम आहे. तुमच्या छतावर कोण जाते?"

"कोणीच नाही. निर्मला कुरड्या वाळू घालाले जाते, बस."

पप्पू माझ्याकडे वळला. "तुझी पक्कड दाखव."

"नाही माझ्याजवळ," मी म्हणालो.

"वा. बराबर आताच नाही."

ती काकांच्याच घरी राहिली, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण सगळे माझ्याकडे बघताहेत हे पाहून आवाजच निघाला नाही. काकांनी मान हलवली. "वायर कापणाऱ्याले मी माझी पोरगी देईन, असं वाटते का तुले?"

पण बाळूभाऊ शांत होते. पप्पूला म्हणाले, "उद्यापासून दुपारभर हा तुझ्या दुकानात बसन. तुझ्या डोळ्यासमोर. मग तर झालं?"

मी जाऊन बसलो. दोन दुपारी काही झालं नाही. पप्पू माझ्याकडे बघून हसायचा, आणि मला वाटायचं, आता माझ्याच माथी बसलं. तिसऱ्या दुपारी पप्पूनं स्वतः मला चहा ओतून दिला. आम्ही दोघं कप तोंडाला लावतो तोच आमच्या गल्लीतून एक पोरगा धावत आला. "पप्पूभाऊ, पिक्चर गेला."

पप्पू माझ्या हातातल्या कपाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझाही पडला असणार.

पुढच्या आठवड्यात त्यानं काकांच्या छतावरून वायर गुंडाळून नेली. जाताना चंपतला म्हणाला, "तुमच्या गल्लीत काही तरी आहे. आपल्याले नाही पाहिजे बावा." माणसं आमच्याकडे परत आली. वायर तेवढी बदलली, डब्या हिरव्याच होत्या.

* * *

दिवाळीच्या आधी काकांनी निरोप धाडला. बाळूभाऊ, चंपत आणि मी गेलो. काकांनी माग थांबवला, आम्हाला सतरंजीवर बसवलं. भिंतीवर माझी डबी, तिच्यात एकच वायर, आमची. कोपऱ्यात पप्पूकडून परत आणलेला उंदराचा पिंजरा, रिकामा.

काका मला म्हणाले, "सुधाकर, मी तुझ्यावर शक घेतला होता. माझं चुकलं. तू त्या दिवशी पप्पूजवळ बसून होता. तो कापणारा कोण होता, देव जाणे. पण असल्या माणसाची सावली बी माझ्या घरावर नको."

"बराबर आहे जी," बाळूभाऊ म्हणाले.

"गल्ली राहिली तुमच्याकडे. माझा शब्द पक्का. आता पोरीले काय वाटते तेवढं पाहू." मग त्यांनी आत आवाज दिला, "निर्मला, चहा आन वं."

निर्मला ट्रे घेऊन आली. आधी वडिलांना कप दिला, मग बाळूभाऊंना, मग चंपतला. माझ्यासमोर येऊन ट्रे खाली ठेवला. कपाशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं कागद उलगडला. मुठीला लाल टेप.

"ही तुमची राहिली होती," ती म्हणाली. "मले आता काम नाही तिचं."