रूथबाईंचा पंखा

काल इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या घरी फोडणी जरा जास्तच तापली, आणि त्या करपट वासासरशी मला कॉलेजमधलं सोरॉरिटी हाऊस आठवलं. तिथे आम्ही एकाच विद्यार्थिनी-मंडळाच्या मुली एकत्र राहायचो. पूर्वी तिथे राहून गेलेल्या बायका दर वसंतात डागडुजीला यायच्या. आता मीही जाते; पण तेव्हा मात्र, या म्हाताऱ्या इतक्या लांबून का येतात, याचं मला कोडंच होतं.

अशाच एका वसंतातल्या शनिवारी मी वरणाला फोडणी करायला घेतली. धूर झाला, अलार्म वाजला, मुली खोकत बाहेर पळाल्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की सेमिस्टर संपलं की हे घर सोडायचं, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात डागडुजीला आलेल्या रूथ नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई रंगाचा ब्रश हातात घेऊन आत आल्या. कढल्यात डोकावून म्हणाल्या, "हे दाणे उडतात कशाने? पुन्हा करून दाखव ना."

मी खिडक्या उघडून पुन्हा फोडणी केली. मोहरी तडतडेपर्यंत त्या वाकून बघत राहिल्या.

सुट्टीनंतर सामान न्यायला आले, तर शेगडीच्या वरच्या भिंतीत नवा मोठा एक्झॉस्ट फॅन होता. रूथबाईंनी मैत्रिणींना गोळा करून तो बसवून घेतला होता. माझ्या जेवणाचा वास नको झाला असेल, असं वाटून मी खट्टू झाले. शेवटी त्यांना फोन करून विचारलंच.

"अगं, अलार्मला घाबरून तू स्वयंपाक सोडशील असं वाटलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी काय करशील?"

"पिठलं," मी म्हटलं. ते काय असतं हे समजावता समजावता घर सोडायचं राहूनच गेलं.