जांभळ्या पुडीवरून जुंपली

कारखान्यात त्यांना सगळे गाळणीकाका म्हणायचे. एकवीस वर्षं ते एकच काम करत होते, निओडिमियम हायड्रॉक्साइड बनवायचं. निओडिमियम नायट्रेटच्या पाण्यात हळूहळू अमोनिया सोडला की तळाशी चिकट साका बसतो. तो गाळायचा, सात वेळा धुवायचा, सुकवायचा. मग हाती येते फिकट जांभळी पूड. पाण्याला ती दाद देत नाही, ॲसिडमध्ये मात्र मुकाट विरघळते. काचेला रंग द्यायला ती लागते. काकांचा तिच्यावर लेकीइतकाच जीव आहे, असं काकू म्हणायच्या. त्यावर लेक विचारायची, "इतकाच ना नक्की?"

त्या लेकीचं लग्न ठरलं. होणारे व्याही काचेच्या कारखान्यात आलेला माल तपासायचे. लग्नाला महिना उरला असताना त्यांनी काकांचं अख्खं पिंप परत पाठवलं. वर शेरा: "मागवला जांभळा, आला निळा."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी सकाळी व्याही घरी आले, तेव्हा काकांनी त्यांना थेट गॅलरीत उन्हात नेलं आणि सीलबंद बाटली नाकासमोर धरली.

"हा निळा?"

व्याही चपापले. "हा जांभळाच आहे. तुम्ही पाठवलेला निळा होता."

"त्याच पिंपातला आहे हा!"

"म्हणजे मी आंधळा?"

"मी कुठं म्हटलं? तुम्हीच म्हणताय."

व्याही बाटली हिसकावून तावातावानं आत आले. खोलीत ट्यूबलाइट चालू होती. "हा घ्या तुमचा जांभळा!"

पूड चक्क निळसर! काकांचा आ वासलेलाच राहिला. इतकी वर्षं त्यांनी ती खिडकीपाशीच पाहिली होती. मग दोघं बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. चौथ्या फेरीला दारात दोघांच्या ढेऱ्या अडकल्या.

"पंखा बंद करते," काकू म्हणाल्या. "तुमचाच वारा पुरतोय."

शेवटी लेकीनं सांगितलं, "बाबा, ही पूड उजेडातले ठरावीक रंगच गिळते. ट्यूबच्या उजेडात मुळात रंग मोजकेच, म्हणून तिथं ती निळी दिसते. दोघंही बरोबर आहात. आता बसा."

व्याह्यांनी पिंप परत मागवलं आणि बाटली कौतुकानं घरी नेली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला.

"अहो, आमच्याकडे जुना पिवळा बल्ब आहे. त्याखाली बघून ही म्हणते, गुलाबी आहे."

"मग गुलाबीच," काका म्हणाले. "विहीणबाईंशी मी वाद घालत नाही."