सुनंदाताईची शाल

मला नाटकात कुऱ्हाडीनं मारणारी बाई आज सकाळी गेली.

आमच्या वणीच्या हौशी ग्रुपमध्ये मी राजा व्हायचो, सुनंदाताई राणी. नाटक आमचंच, पण धाटणी जुन्या ग्रीक शोकांतिकांची. राजा राणीच्या भावाला मारून टाकतो आणि राणी त्याचा सूड घेते.

ग्रीक नाटकात खून लोकांसमोर होत नाही. दाराआड होतो. मी आत जायचो, मागून ती. मग ती एकटीच बाहेर यायची.

तालमीत नाटक बसवणारे सर सांगायचे, ताई, जरा ओरडा, सूड आहे हा.

ती म्हणायची, "कायले ओरडू? ज्याले ऐकू जायचं त्याले जाते."

दिवसा ती ब्लाउज शिवायची. नवरा देवराव, झरीकडचा. चंद्रपूर रोडवर कोळशाच्या ट्रकखाली गेला. पेपरात आलं, 'एक इसम ठार'. ट्रकचे मालक तिच्या घरी कधी फिरकलेसुद्धा नाहीत.

आणि आमच्या कमिटीनं प्रमुख पाहुणे म्हणून त्याच शेठला बोलावलं. मंडप त्यांनी दिला होता ना!

मी चिडलो. ताईला म्हटलं, आपण प्रयोगच कॅन्सल करू. ती म्हणाली, नाटक होईल.

झालं. त्या दिवशी ती दारातून बाहेर आली ना, तेव्हा आत मेलेला मीसुद्धा घाबरलो होतो.

शेवटी सत्कार. शेठ शाल-श्रीफळ घेऊन पुढे आले. ताईनं हात मागेच ठेवले. समोर माइक चालू.

"शाल राहू द्या, शेठ. तुमच्या ट्रकखाली माहा नवरा मेला. त्याचं नाव घ्या, मंग घेतो शाल."

शेठना नाव माहीत नव्हतं.

ते आमच्याकडे बघत राहिले. एरवी कोणी वाक्य विसरलं की विंगेतून चार जण सुचवतात. त्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही. शेठ शाल टेबलावर ठेवून निघून गेले.

पुढे एकदा मी तिला विचारलं, ताई, एवढ्यानं सूड झाला?

"कुठं झाला? मारून काय भेटलं असतं मले? त्याच्या तोंडून नाव आलं पाहिजे, बस."

त्यानंतर कित्येक सत्कार झाले तिचे. एकही शाल तिनं खांद्यावर घेतली नाही.

आज दुपारी शेठ आले. म्हातारे झालेत, हातात काठी. अंगावर घालायला शाल आणली होती. ताईची मुलगी वैशाली दारात उभी राहिली. हात मागे. अगदी आईसारखी.

"नाव घ्या, काका."



"देवराव," शेठ म्हणाले. मग थांबून, "झरीचे देवराव. माझ्या ट्रकखाली गेले."

वैशालीनं त्यांच्या हातातून शाल घेतली आणि आत जाऊन आईच्या अंगावर घातली.

ताईनं शब्द दिला होता. पोरीनं पाळला.

फक्त ताईला ऐकू गेलं नाही. याचा मला फार राग येतोय, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नाही.

म्हणून इथं लिहितोय. ताई, नाव घेतलं त्यांनी. सगळ्यांसमोर घेतलं. मी ऐकलं.

ये आता.

तुझा राजा