आईच्या साक्षीतला रिपोर्ट

पास्टरनं माझ्या लॅबचा रिपोर्ट माइकसमोर फडकवला तेव्हा मी शेवटून दुसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. रविवारची सकाळ. पैठण रोडला चितेगावच्या अलीकडं, दोन कंपन्यांच्या मधोमध उभा असलेला पत्र्याचा हॉल, दीडेकशे माणसं आणि गरजेपेक्षा दुप्पट मोठे स्पीकर. "उपाशीपोटी अठ्ठ्याण्णव!" पास्टर ओरडला. "वीस वर्षांची शुगर, मंडळी! मशीन खोटं बोलत नसतं! आजारावर अधिकार कुणाचा?" सगळा हॉल म्हणाला, "येशूचा!" स्टेजवर माझी आई उभी होती. डोक्यावर पदर, दोन्ही हात वर, डोळ्यांतून धारा.

एक गोष्ट मी तेव्हाही पाहिली होती. आजारावरचा अधिकार सांगणाऱ्या त्या माणसाला अठ्ठ्याण्णव हा आकडा वाचायला चष्मा लागत होता. मला हसू आलं. आता त्या हसण्याचाही राग येतो.

मी रक्त काढते. एकोणीस वर्षं झाली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून लोकांचे दंड बांधायचे, शीर शोधायची, नळ्यांवर नावं लिहायची. आईची शुगर निघाली तेव्हा मी शिकत होते. नोकरीला लागल्यापासून तिची तपासणी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. तिला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन होतं, सोबत दोन गोळ्या. शाळेतल्या सेविकेच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर ती छावणीतल्या आमच्या घरात एकटीच राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मी लग्नानंतर सिडकोत राहत होते. एकटेपणाला कंटाळूनच ती शेजारणीबरोबर त्या हॉलमध्ये जायला लागली. आमच्या जुन्या चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं यादीतून वाचायचे, हळू आवाजात, आणि पुढच्या गीताकडं वळायचे. इथं डोक्यावर हात ठेवायचे, कपाळाला तेल लावायचे, नाव घेऊन रडायचे. आईला बरं वाटलं. कुणालाही वाटेल.

पण तिथली साक्षीची रीत वेगळी होती. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आमच्या जुन्या चर्चमध्येही माणसं साक्ष देत, पण बरं झाल्यावर. इथं उलटं. आधी साक्ष द्यायची, बरं होणं मागून येतं. आणि एकदा साक्ष दिली की पुन्हा गोळी घ्यायची म्हणजे दिलेला शब्द मोडायचा. गुडघेदुखी, मायग्रेन, वांझपण, सगळ्याला हाच नियम.

आईच्या साक्षीआधी तीन दिवसांची उपास-प्रार्थना झाली. तीन दिवस ती लिंबूपाण्यावर आणि संध्याकाळच्या कपभर ताकावर होती. इन्सुलिन निम्मं घेत होती. चौथ्या दिवशी सकाळी रिक्षा करून लॅबमध्ये आली आणि म्हणाली, "उपाशीपोटीची तेवढी कर. पास्टरनी तेवढीच सांगितली." तिचा उपास मला ठाऊक होता, फोनवर तिनंच सांगितलं होतं. तीन दिवस पोटात काही नाही आणि वर इन्सुलिन. मग साखर खाली येणार नाही तर काय होणार? तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी आमच्याकडं आहे. एक नळी जास्त भरली असती तर खरं काय ते बाहेर पडलं असतं. बाहेर वीस-बावीस माणसं खोळंबली होती. मी तिनं मागितली तेवढीच तपासणी केली. अठ्ठ्याण्णव आली. कागद हातात घेऊन ती लहान मुलीसारखी हसली, आणि मी म्हटलं, "आलीय की खाली!" उपासामुळं आलीय, हे पुढचं वाक्य म्हटलं संध्याकाळी फोनवर सांगू.

रविवारी साक्ष झाली. सोमवारी तिनं फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या आणि त्या जागी दह्याचं भांडं ठेवलं.

मी भांडले नाही असं नाही. घसा बसेपर्यंत भांडले. "आई, ती उपासाची साखर होती गं!" असं मात्र भांडणात एकदाही म्हणाले नाही. म्हणत होते, "असं कुणी औषध बंद करतं का? शिकल्यासवरल्या घरातली ना तू?" ती शांतपणे मटार सोलायची. "आता टोचून घेतलं तर साक्ष खोटी पडती. तीनशे डोळ्यांसमोर बोलले मी." मी म्हणायचे, निदान रक्त तरी दे. "झालेलं काम परत तपासायचं म्हंजे त्याच्यावर संशय घ्यायचा. नाय. मी नाय देणार." एकोणीस वर्षं मी ज्यांची नावंही आठवत नाहीत अशा माणसांचं रक्त काढत आले, आणि माझी आई मला दंड पुढं करत नव्हती.

मी विश्वास नसलेली बाई आहे असं कुणी समजू नये. आमचं घराणं ख्रिस्ती झालं तेच एका मिशन दवाखान्याच्या ओट्यावर. पणजीचं बाळंतपण अडलं, गावानं हात टेकले, आणि दवाखान्यानं तिला आणि बाळाला वाचवलं. ते बाळ म्हणजे माझे आजोबा. पुढं ते त्याच दवाखान्यात कंपाउंडर झाले. औषधाच्या बाटलीवर कात्रीनं कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचे, तिच्यावर डोसाच्या खुणा असायच्या. मग बाटली हातात धरून, डोळे मिटून प्रार्थना करायचे. आणि आमेन म्हटल्या म्हटल्या रोग्याला दटावायचे, "दिवसातून तीनदा, जेवल्यावर. चुकवलं आणि मेलास तर प्रभूला दोष देऊ नको." त्या माणसाच्या सुनेनं इन्सुलिन फेकून दिलं.

एका रोमी अधिकाऱ्याची गोष्ट पास्टर सारखी सांगायचा. त्याचा चाकर अंथरुणाला खिळलेला असतो, आणि तो येशूला म्हणतो, घरी यायची गरज नाही, तुम्ही नुसता शब्द टाका, तो बरा होईल. ही गोष्ट मलाही लहानपणापासून प्रिय आहे. आजारावर त्याचा अधिकार आहे हे मी आजही मानते; रोज दोन-चार वेळा, एखाद्याचा वाईट रिपोर्ट टाइप करताना, मनातल्या मनात तेच म्हणते. पण गोष्टीतला तो अधिकारी अधिकार येशूकडंच राहू देतो. स्वतः ठरवत नाही की आता चाकर बरा झाला, उठवा त्याला आणि लावा कामाला. साहेब जागेवर नसताना साहेबाचा शिक्का मारत सुटणाऱ्या कारकुनाला काय म्हणतात ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. फक्त शिक्का देवाचा असला की आपण त्याच्या पाया पडतो.

एक दिवस सुट्टी टाकून मी पास्टरला गाठलं. पांढरा शर्ट, गोड आवाज, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "ताई, मी कुणालाही औषधं बंद करा म्हणत नाही. विश्वास ठेवा, एवढंच म्हणतो. आमच्या सगळ्या सभांचं रेकॉर्डिंग आहे, ऐका." मी खरंच ऐकलं. स्कूटीवरून कामाला जाताना कानात घालून महिनाभर त्याच्या सभा ऐकल्या. औषध बंद करा असं एकही वाक्य त्यात नव्हतं. होतं ते असं: सुई कुणाची आठवण करून देते? गोळी रोज काय म्हणते? शंका पोटात घेऊन कोण बरं होईल? नामानिराळं कसं राहावं हे त्या माणसाकडून शिकावं. मी सिग्नलला थांबून मोठ्यानं शिव्या दिल्या. शेजारच्या रिक्षातली माणसं बघत राहिली.

असे चार महिने गेले. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आई आली ती मोजे घालून. मे महिना, संभाजीनगरचं ऊन, आणि पायात काळे लोकरी मोजे. केक कापताना मला वास आला. असा वास मी कामाच्या ठिकाणी ओळखते. तिला आतल्या खोलीत नेऊन पलंगावर बसवलं. ती "काही नाय, चप्पल लागली जराशी" म्हणेपर्यंत मी मोजा ओढला. अंगठा काळा पडला होता, त्याच्या शेजारची दोन बोटंही, आणि लाली घोट्याच्या वर चढली होती. जखमेवर तेल चोपडलेलं होतं. हॉलमधलं तेल. दुखत नाही का विचारलं, तर म्हणाली, "अजिबात नाय. म्हणून तर म्हटलं, बरं होत आलं." वीस वर्षांच्या शुगरनं पायाची जाणच गेली होती, आणि ते न दुखणं ती बरं होणं समजत होती. घरातल्या मशीनवर साखर बघितली. चारशे शहाऐंशी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटीच्या वेळेला पास्टर तीन बायकांना घेऊन आला. पायाकडं न बघता त्यानं आईच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून बोलायला लागला. प्रार्थनेच्या मधेच म्हणाला, "कुठंतरी विश्वास डळमळला असेल, प्रभू, या बहिणीला क्षमा कर." मी त्याचा हात धरून आईच्या कपाळावरून उचलला. शब्दशः उचलला, मनगटाला धरून. म्हटलं, "बाहेर हो. आत्ता. नाहीतर वॉर्ड गोळा करीन." बायका कुजबुजल्या. आईनं भिंतीकडं तोंड केलं. गेले ते सगळे.

मग राउंडला डॉक्टर आले. पाय गुडघ्याच्या खाली कापावा लागेल, उशीर केला तर वरूनही जाईल, जिवालाही धोका आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग केसपेपर चाळत विचारलं, "इन्सुलिन चालू होतं ना? बंद कुणी करायला सांगितलं?"

मी तोंड उघडलं. चार महिने हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी थांबले होते. पास्टर, हॉल, साक्ष, तेल, सगळं जिभेवर तयार होतं. आईनं चादरीखालून माझं मनगट पकडलं आणि नखं रुतवली.

"कोणी नाय सांगितलं, साहेब," ती म्हणाली. "मलाच कंटाळा आला टोचून घ्यायचा."

डॉक्टर चिडले. तुमच्यासारख्या माणसांमुळंच असं होतं म्हणाले, मुलगी लॅबमध्ये आणि आईची ही तऱ्हा म्हणाले. आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. आयुष्यभर शाळेत हेडमास्तरांसमोर उभी राहायची तशी. कागदावर लिहिलं गेलं, पेशंटनं स्वतःहून औषध बंद केलं. त्याखाली तिनं सही केली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले आणि माझा तोल गेला. "पाय चाललाय तुझा! कुणाला झाकतेस? त्या पास्टरला?"

"त्याला झाकायला मला काय येड लागलंय?"

"मग देवाला? त्याचं नाव खराब होईल म्हणून?"

"त्याला आपण काय झाकणार, बाई." तिनं माझं मनगट सोडलं. नखांच्या खुणांवर अंगठा फिरवत राहिली. "पास्टरचं नाव घेतलं असतं, तर डॉक्टरनी त्याला बोलावलं असतं. त्यानं तो कागद काढून दावला असता. त्याच्याखाली सही तुझी हाय. मंग तुला इचारलं असतं, आई तीन रोज उपाशी हाय, तुला म्हाईत नव्हतं का?"

मी चादरीची सुरकुती सरळ करायला लागले.

"म्हाईत होतं ना?"

"होतं."

"मला बी नंतर कळलं. शेजारणीच्या पोरीनं सांगितलं, उपासानं साखर उतरती म्हणून. मंग मी रोज फोनची वाट पाहिली. म्हटलं, माही लेक सांगंल. तू सांगितलं असतं ना, आई, तो कागद खरा नाय, तर मी उभी राहिले असते परत स्टेजवर. लाज गेली असती, जाऊ दे. पण तू नुसती भांडायचीस. मला वाटलं, तुला म्हाईत हाय आणि तरी बोलत नाय, म्हंजे खरंच बरी असंल मी."

ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं. तिला उचलून ठेवताना मी तिचा तो पाय दोन्ही हातांनी धरला, वॉर्डबॉय नको म्हणत असतानाही, आणि दारापर्यंत धरून चालत गेले.