मुद्दाम हरणारे काका

व्हिडिओ गेमचं दुकान चालवणाऱ्या काकांची एक रीत होती. मारामारीच्या गेमचा नवा भाग आला, की तो दुकानात गिऱ्हाइकांना खेळायला देण्याआधी ते स्वतः आठवडाभर मुद्दाम हरत बसायचे. "जिंकणाऱ्याला कुठलाही गेम गोड लागतो. हरणाऱ्याला तो कसा वागवतो, ते बघायचं," असं त्यांचं म्हणणं.

या वेळी एका आईचा जीव टांगणीला लागला होता. तिची अबोल मुलगी चार पोरींशी बोलायची ती फक्त याच दुकानात. पण गेमच्या पहिल्या भागात ती रोज कोपऱ्यात अडकायची आणि पडली की उठायच्या आत पुढची लाथ खायची. "मी आता जाणार नाही," असं तिने कालच सांगून टाकलं होतं.

आई दुकानात आली, तेव्हा काका पडद्यावर पुन्हा आडवे झाले होते.

"काका, नवा भाग बरा आहे का हो?"

"चित्रं जुन्यातलीच छान होती, ताई. आवाज म्हणजे नुसता कालवा. पण हे बघा." त्यांनी आपला गडी पाडून घेतला. तो उभा राहीपर्यंत समोरच्याची एकही लाथ त्याला लागेना. "पडलेल्याला उठू देतात. पहिल्यापेक्षा सरस आहे."

"मग जुना काढणार?"

"काढणार. जुन्यात जिंकणारे पैलवान बोंबलतील, बोंबलू देत."

दुसऱ्यांच्या लेकरांसाठी एवढा मार मुकाट्याने खाणारा माणूस आईने पहिल्यांदाच पाहिला. आर्जवं करून तिने मुलीला त्या संध्याकाळी दुकानात धाडलं. मुलगी सहा वेळा हरली आणि मैत्रिणींशी उद्याची वेळ ठरवूनच घरी आली.