काकीच्या मापाची खाट

"आधी आडवो पड, मगे बोल," असं म्हणत शेजारचे काका खांद्याला धरून तुम्हाला खाटेवर ढकलणारच. खाट त्यांनी स्वतः काजूच्या बागेत बांधलेली. जमिनीत पुरलेल्या चार दुबेळक्या मेढी, त्यांच्या बेचक्यांत आडवे वासे, वाशांवर चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या, आणि सगळं सुंभाने आवळलेलं. खिळा एकही नाही. खिळा कुरकुरतो, आणि कुरकुरणारं घरात एक माणूस आहे तेवढं पुरे, असं ते काकीच्या देखत सांगत.

घरच्या गादीवर झोप न येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकांचा जन्म रेडीला खनिजाच्या ट्रकवर गेला. केबिनमध्ये अंगाची मुटकुळी करून झोपायची सवय. काम सोडून घरी आले ते गादीवर टक्क जागे. मग जेवण झालं की बागेतल्या खाटेवर जाऊन घोरत पडायचे. आमच्या दोन बागांमध्ये फक्त एक दगडी गडगा, त्यामुळे ते घोरणं मी रोज फुकट ऐकलं.

पुढे काकीचा दमा वाढला. आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा. औषधं चालू होती, पण झोप म्हणजे भिंतीला टेकून काढलेल्या डुलक्या. चेहरा पार उतरला. एकदा ती सहज म्हणाली, बागेत जरा मोकळं वाटतं. झालं, काकांनी कोयता उचलला. उशाकडे उंच अशी नवी खाट बांधायची, तिला एकदा तरी पोटभर झोपवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

लाकूड तोडण्याआधी त्यांनी झाडाखाली बागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवला आणि गाऱ्हाण्याला होकार द्यायला मला शेजारी उभं केलं. "बा राखणदारा म्हाराजा, चार मेढी घेतंय, रागावू नको. हिका सुखाची झोप लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. गाऱ्हाण्यात बायकोच्या झोपेचं मागणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

खाट झाली. पेंढा पसरला, वर गोधडी घातली. काकी चढली, आडवी झाली आणि तिचे पाय चांगले वीतभर बाहेर आले. काकांनी आपली मुटकुळी हेच माप धरलं होतं!

"अगो, तू इतकी लांब आसस? माका कधी सांगलंस नाय!"

"तुमी खंय होतास घरात बघूक?"

काकी हसत होती, पण काकांचा चेहरा पडला. कितीतरी वेळ ते तिच्या पायांकडेच बघत राहिले. मग त्यांनी सुंभाचं एक टोक तिच्या डोक्याशी धरलं आणि दुसरं हळूच टाचेपर्यंत नेलं. सगळी खाट सोडून पुन्हा बांधायला घेतली. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू काठ्यो दी. गाठ मी मारतंय."

त्या नव्या खाटेवर काकी झोपली. खरंच झोपली, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान पोरीसारखी. काका खाली मातीत बसून माकडं हाकत होते, तेही न ओरडता, नुसती काठी हलवून. मला खोकला आला तर असे डोळे वटारले की मी तोंड दाबून गडग्यापलीकडे पळालो. उन्हं कलली तरी तिला कोणी उठवलं नाही. माणसाचा चेहरा इतका निवांत झालेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. काकीचा नव्हे, काकांचा.

त्याच वर्षी मे महिन्यात काका गेले. जेवून हात धुतला, पायरीवर बसले आणि तसेच कलंडले. काकी त्यानंतरही दुपारी बागेत जाते. तिला अजून तिथेच झोप लागते.

परवा गडग्यावरून पाहिलं तर काकी कुशीवर वळली की उशाकडचा वासा हलत होता. मी सुंभ घेऊन गेलो, जुनी गाठ सोडायला बोटं घातली, तोच काकी उठून बसली.

"सोडू नको रे ती. तेंच्या हातची गाठ आसा. वरसून दुसरी बांध."

मी त्या गाठीवरूनच वेढे घेतले आणि जमेल तेवढं आवळलं. काकीने हात लावून आतली गाठ जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि मग ती आडवी झाली.