वुथीच्या पायातलं घुंगरू

कुंथियाबाईंचं काम ऐकून तोनले साप नावाच्या सरोवरावरच्या बायका फिदीफिदी हसत. "पोरांना जीभ हलवायला शिकवते म्हणे! आमच्या घरी ये, थांबवायला शिकव." फटकळ कुंथियाबाईही मग ऐकवत, "आधी तुझी थांबव!" न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायला त्या होडीनं दारोदार फिरत. तिथली दारंही पाण्यावरच तरंगायची.

म्लिस कोळिणीचा मुलगा वुथी चार वर्षांचा झाला, तरी एक शब्द नाही. मासळी साफ करताना तो कुठं आहे ते कळावं, म्हणून तिनं त्याच्या पायात घुंगरू बांधलेलं. बाई पहिल्याच दिवशी कडाडल्या, "अगं, घुंगरूच त्याच्या वतीनं बोलतंय. तो कशाला तोंड उघडेल?"

"बाई, तुम्ही संध्याकाळी कोरड्या जमिनीवर जाता," म्लिस म्हणाली. "आम्ही इथंच निजतो."

बाईंनी घुंगरू तसंच राहू दिलं. पाणी रोज चढत होतं. मागच्या पुरात शेजारची मुलगी गेली होती, आणि ती तर चांगली चुरूचुरू बोलायची.

मग दर खेपेला तळलेलं केळं हातात धरून, तो तोंडानं मागेल म्हणून बाई थांबायच्या. वुथी रडे, लोळण घेई. बाई ढिम्म. आज मात्र केळ्याकडे बघत तो म्हणाला, "मॅ."

मॅ म्हणजे आई! म्लिसनं त्याला उचललं आणि ढसाढसा रडली. बाईंचेही डोळे भरले, पण जिवाची धाकधूक जाईना. "हे बघ, तो केळं बघून बोलला. भ्याला म्हणजे हाक मारेल, असं नाही. ते अजून शिकवायचंय. घुंगरू काढू नकोस हं."

"बरं, बरं." म्लिसचं लक्ष होतं कुठं! निघताना तिनं सुक्या मासळीचं गाठोडं बाईंच्या हातात कोंबलं.

आभाळ काळवंडलं होतं. सरोवराच्या मध्यावर होडी हेलकावली आणि गाठोड्यात काहीतरी खुळखुळलं. बाईंनी गाठ सोडली. मासळीत घुंगरू होतं.

"होडी फिरव!"

"बाई, वादळ येतंय," नावाडी म्हणाला.

"फिरव म्हणते ना, मेल्या!"

म्लिस घरापुढच्या फळ्यांवर गुणगुणत मासळी साफ करत होती. बाईंना बघून तोंडभर हसली. "मिळालं ना घुंगरू? तुमचीच कमाई ती, तुम्हीच ठेवा."

"वुथी कुठाय?"

"मागं खेळतोय की. काही झालं तर हाक मारेल ना आता!"

बाईंनी कान दिला. लाटा घरावर आपटत होत्या. हाक आली नाही. घुंगरू तेवढं वाजत होतं, बाईंच्या हातात.